एकादशीचे पोहे

आमच्या घरात चूल माझ्या हातून कधी पेटली नाही, आणि ही गोष्ट आमची ही चारचौघांत सांगायला कधी चुकली नाही. म्हणून चैत्रात चार दिवसांची रजा मंजूर झाली तेव्हा मी जाहीर केलं की मी कोकणात समुद्रावर जाणार, उघड्यावर राहणार आणि स्वतःच्या हातानं रांधून खाणार. तिनं जाड पोह्यांची पुरचुंडी बांधली, मोहरी-हळद-मीठ कागदाच्या पुड्यांत भरलं, तेलाच्या बाटलीला चिंधीचं बूच मारलं आणि एवढंच म्हणाली, "काड्यांच्या दोन पेट्या घातल्यात. एक पुरायची नाही." हा टोमणा मनात ठेवूनच मी पुणं सोडलं.

बरोबर बापू होता. बापू आणि मी टपाल कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. त्याला वारा बाधतो, ऊन बाधतं आणि बाहेरचं खाणं तर हमखास बाधतं. असा माणूस समुद्रावर उघड्यावर झोपायला का तयार झाला, हे मला अजून कळलेलं नाही. चैत्राच्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून तो एस.टी.त बसला आणि महाड येईपर्यंत झोपला.

महाड, माणगाव, म्हसळा अशा गाड्या बदलत आम्ही निघालो. म्हसळ्याला अर्धा तास गाडी थांबली. तिथल्या हॉटेलात चहाबरोबर पाव मिळाला, तो बापूनं हुंगून परत ठेवला. म्हसळ्यापुढं रस्ता डोंगराच्या कडेनं वळणं घेत जातो, आणि त्यातल्या एका वळणावर समुद्र एकदम समोर येतो. मी बापूला हलवून उठवलं. त्यानं पाहिलं, "बरंच पाणी आहे," असं म्हणाला आणि खिडकीची काच वर ओढली.

हरिहरेश्वराचं दर्शन झालं, खडकांवरून प्रदक्षिणा झाली. या प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या मर्जीवर असते. पाणी उतरलेलं असेल तरच ती मोकळी होते, आणि पायाखालच्या खडकाला लाटांनी जाळी पाडलेली दिसते. धर्मशाळेत जागा होती, पण आम्ही हट्टानं किनाऱ्यानं उत्तरेकडं चालत निघालो. तासाभरानं कोळ्यांची एक लहानशी वाडी लागली. वीसेक घरं, वाळत घातलेली जाळी, काठ्यांवर लटकणारे बोंबील, आणि वाडीच्या अलीकडं सुरूचं दाट बन. हीच जागा, असं मी ठरवून टाकलं.

परवानगी कुणाची घ्यायची म्हणून विचारलं, तर एका घराकडं बोट दाखवलं गेलं. अंगणात पन्नाशीची एक बाई जाळ्याची भोकं सांधत बसली होती. नाव चांगुणाबाई. वाडीतल्या मोठ्या होडीची ती मालकीण. नवरा वारल्यापासून होडीचा कारभार तिच्याकडंच होता. आम्ही पुण्याहून आलोय आणि सुरूत झोपणार आहोत, हे ऐकून तिनं आम्हाला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"घर न्हाय का तुमाला?"

"आहे की. पण उघड्यावर राहायचंय, हौस म्हणून."

"हौस," ती म्हणाली आणि शेजारी बसलेल्या मुलाकडं पाहून हसली. मुलगा पंचविशीचा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा. त्याचं नाव पांडू. "झोपा. पर शेवाळाची रेघ दिसते ना वाळूत, तिच्या वर झोपा. आनि लाकडं लागली तं मागा. मागायला काय पैसं पडत न्हाईत."

"आमचं आम्ही बघू," मी म्हणालो. मागायला खरंच काही पडत नव्हतं. पण बायकोचा टोमणा पोटात असलेला माणूस लाकडं मागत नाही.

त्या संध्याकाळी दशम्या खाल्ल्या आणि सतरंजी पसरून झोपलो. पहाटे कधीतरी लांबून माणसांचा हाकारा ऐकू आला, काहीतरी जड ओढत असल्यासारखा. मी कूस बदलली.

उजाडलं तसा उठलो. बापू मफलर डोक्यावरून घेऊन बसून होता. रात्री डास चावले, वाळू टोचली आणि सुरूच्या आवाजानं झोप लागली नाही, असा तिहेरी अहवाल त्यानं दिला. मी तीन दगड आणून चूल मांडली. सुरूच्या सुया गोळा केल्या, दोन झावळ्या आणि नारळाची सोडणं (वरची सालं) आणली. काडी ओढली. सुया भुर्रकन पेटल्या आणि विझल्या. दुसरी काडी, तिसरी, पाचवी. रात्रभराच्या खाऱ्या हवेनं सगळं दमट झालं होतं. सोडणं नुसती धुमसत होती. धुरानं डोळ्यांतून पाणी आलं, आणि बापू म्हणाला, "वहिनी दुसरी पेटी घालायला विसरल्या नाहीत ना?"

मी उठलो आणि तणतणत किनाऱ्यानं चालू लागलो. बनाच्या टोकाला केवड्याच्या बुडाशी सहा-सात ओंडके पडले होते. मांडीएवढे जाड, काळे, गुळगुळीत. समुद्रानं कुठून तरी वाहून आणलेले असणार, असं मी ठरवलं. आता विचार करतो तेव्हा आठवतं की ते एकाला एक लागून पडले होते. समुद्र लाकडं अशी रचून ठेवत नाही. पण भूक लागलेली असली की माणूस स्वतःच्या सोयीचंच पाहतो. मी तीन ओंडके एकेक करून ओढत आणले.

कोयता नव्हता. म्हणून तिन्हींची टोकं चुलीत सारली आणि पुन्हा काडी लावली. अहाहा! काय पेटली ती लाकडं! एका काडीत. तांबडा, जाड, न हलणारा जाळ. धूर काळा येत होता, पण डोळ्याला लागत नव्हता. मी बापूकडं पाहिलं. त्यानं मान्य केलं की हे काम बायकांनाही सहज जमणारं नाही. लाकडं जळत जातील तशी आत सारायची, एवढंच काम उरलं.

पोह्यांची कृती सांगतो. पोहे विहिरीच्या पाण्यात एकदाच बुडवून लगेच निथळायचे. हे काम बापूनं केलं आणि चांगलं केलं. पातेल्यात तेल, तेल तापल्यावर मोहरी. ती तडतडली, की मिरच्या आणि शेंगदाणे. मग कांदा, तो लाल होऊ द्यायचा नाही. हळद, मीठ, पोहे. वर ताट झाकून, ताटात पाणी. वाडीतून आणलेला नारळ खडकावर फोडला होता. खवणी नव्हती, म्हणून खोबऱ्याचे चाकूनं तुकडे केले.

"कसला रे वास येतोय?" बापूनं विचारलं.

"समुद्राचा."

"मासळीचा येतोय."

"मग समुद्राला कसला येणार?"

आम्ही खाल्लं. इतके चांगले पोहे मी आयुष्यात खाल्ले नाहीत. वास होता थोडासा, पण तो मला आवडला. पुण्याचा माणूस नीटनेटका. खाऊन झाल्यावर मी चूल वाळूनं बुजवली आणि अर्धी जळलेली लाकडं सुरूच्या सुयांखाली सारून टाकली. जागा आम्ही येण्यापूर्वी होती तशी झाली. बापू म्हणाला, "आज एकादशी होती. माझ्या लक्षातच राहिलं नाही." मी म्हणालो, प्रवासात चालतं.

तेवढ्यात वाडीकडून हाका सुरू झाल्या. चांगुणाबाईची होडी येत होती. रात्री लावलेली जाळी काढून आणायला होडी पहाटे गेली होती. पहाटेचा हाकारा तोच. होडीत पांडू, त्याचा म्हातारा चुलता रामा आणि आणखी दोघे. आम्ही गंमत पाहायला धावलो.

किनाऱ्यावर पाच-सहा बायका आणि चांगुणाबाई. बाकीचे पुरुष वाडीत नव्हते. होडी किनाऱ्याला लागली की तिच्यापुढं वाळूत आडवे ओंडके टाकायचे, त्यांना मोरीचं (मुशी माशाचं) तेल चोपडायचं आणि त्यांच्यावरून होडी वर ओढत न्यायची. मागचा ओंडका मोकळा झाला की तो पळत नेऊन पुढं टाकायचा. असं करत करत होडी कोरड्या वाळूत जाते. हे सगळं मला चांगुणाबाईच्या ओरडण्यातून कळत गेलं, कारण ती ओरडत होती, "तीन कमी हायत! तीन लाकडं कुटं हायत?"

माझ्या हाताला अजून मासळीचा वास येत होता.

आता कोळ्यांचा हिशेब सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. एकादशीला भरती आठाच्या पुढं पुरी होते, आणि ती भरती भांगाची. भांग म्हणजे पाण्याला जोर नसण्याचे दिवस. पाणी वर चढत नाही, त्यामुळं होडी ओढायचं अंतर वाढतं. म्हणजे नेमक्या त्याच दिवशी लाकडं जास्त हवीत. होडी पहाटे पाण्यात ढकलली की शेवटी चढणाऱ्यानं लाकडं शेवाळाच्या रेघेवर आणून ठेवायची आणि मग पळत जाऊन उडी मारायची, असा नियम. तो विसरला तर चढती भरती लाकडं घेऊन जाते. त्या पहाटे शेवटी चढलेला होता पांडू.

वारा वाढला होता. होडी अर्धी पाण्यात, अर्धी वाळूत. प्रत्येक लाट तिला उचलून आपटत होती. चांगुणाबाईनं बायकांना घराकडं पिटाळलं, आणि त्या मुसळं घेऊन आल्या. भात कांडायची तीन मुसळं, तीन घरांतली. वाळूत टाकण्याआधी प्रत्येकीनं आपलं मुसळ कपाळाला लावलं. आम्ही दोघांनीही खांदा दिला. बापूनंही दिला, मफलरासकट. "हेस्सा, हेस्सा" करत होडी सरकू लागली. एक मुसळ मधोमध मोडलं. होडी कलली, बुडाची एक फळी आतून करकरली आणि सांध्यातून पाणी आत आलं. शेवटी कशीबशी ती वर आली.

सगळे धापा टाकत होते. चांगुणाबाई पांडूसमोर जाऊन उभी राहिली.

"लाकडं कुटं ठेवलीस?"

पांडूनं हातातला दोर वाळूत टाकला.

"मी इचारते, रेघेवर ठेवलीस का पान्यात टाकून उडी मारलीस?"

पांडूनं एकदा सुरूच्या बनाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग खाली.

"ऐका गो समद्यांनी," ती म्हणाली. "सुकानू धरायला रामाभाऊजींना आता नीट दिसत न्हाय. नारळी पुनवेला सुकानू याच्या हातात देनार व्हते. ज्याला चार लाकडं सांबाळता येत न्हाईत, त्याला मी चार मानसं देनार न्हाय. भायेरचा तांडेल (होडीचा म्होरक्या) आनीन, पर याला न्हाय."

बापूनं माझ्या पायावर पाय दिला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याच क्षणी चांगुणाबाई आमच्याकडं वळली आणि म्हणाली, "तुमी परके, तरी खांदा दिलात. दुपारी घरला जेवा." झालं. आभार मानून घेतल्यावर कबुली कशी द्यायची? मी म्हटलं, जरा वेळानं सांगू. जरा वेळानं म्हटलं, जेवताना सांगू. जेवताना तांदळाची भाकरी होती, वालाचं बिरडं होतं, आमच्यासाठी मुद्दाम मासळी दूर ठेवली होती, आणि पांडू माझ्या शेजारी मान खाली घालून जेवत होता. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटत होती, पण भूकही होती, हे खोटं कशाला सांगू?

जेवण होताच मी बापूला म्हणालो, आजचीच गाडी धरू. मुक्काम तीन दिवसांचा ठरला होता, पण बापूनं कारण विचारलं नाही. आमची पिशवी घेऊन पांडू थांब्यापर्यंत आला. नको म्हटलं तरी आला. तासभर चाललो. गाडी आली, बापू चढला. पांडूनं पिशवी माझ्या हातात दिली.

"भाऊ, मी लाकडं रेघेवर ठेवली व्हती. केवड्याच्या बुडाशी."

मी पिशवीचा बंद आवळू लागलो.

"आमी परत येत व्हतो तवा धूर बघितला. काळा व्हता. सादं लाकूड जळलं तं असा धूर येत न्हाय. तेल प्यालेलं जळलं तं येतो."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलो व्हतो," पांडू म्हणाला. "अजून थांबलोय."

कंडक्टरनं घंटी मारली. मी गाडीत चढलो. होय, चढलो. म्हसळ्यापर्यंत बापू माझी समजूत घालत होता. पोरगा तरुण आहे, आई आहे, चार दिवसांत राग जाईल, नारळी पौर्णिमेला अजून चार महिने आहेत. सगळं खरं होतं. म्हसळ्याला गाडी थांबली तसा मी उतरलो आणि त्याला म्हणालो, "तू पुढं जा. घरी सांग, मी दोन दिवसांनी येतो." बापूनं मफलर काढून माझ्या हातात दिला. एवढ्या वर्षांत त्यानं मला दिलेली ही एकच वस्तू.

परतीची गाडी पाच वाजता मिळाली. वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. चांगुणाबाई अंगणात मोडकं मुसळ हातात घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. लाकडं मी नेली, पोहे केले, उरलेली सुयांखाली लपवली, आणि पांडूला बोलणी बसताना मी ऐकत उभा राहिलो.

तिनं मुसळ बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाकडं नेलीत ती न वळखता नेलीत," ती म्हणाली. "तेचं मला कायी न्हाय. पर मी भाकरी वाडली तवा गप बसलात. माज्या पोराच्या शेजारी बसून जेवलात तुमी."

ती उठली. "चला. जितं त्याला बोलले, तितंच सांगा."

तिनं सकाळच्या सगळ्या बायकांना हाका मारल्या. रामाला हाताला धरून आणलं. पांडू आला आणि होडीला टेकून उभा राहिला. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मोठ्यानं, कारण रामाला ऐकूही कमी येत होतं आणि तो दोनदा "काय म्हनतो?" असं विचारत होता. पोह्यांचं आलं तेव्हा एक बाई फिस्सकन हसली. चांगुणाबाई हसली नाही. ती पांडूला म्हणाली, "तू का न्हाय बोललास?"

"ते तेंनीच सांगायचं व्हतं," पांडू म्हणाला.

"पुनवेला सुकानू पांडूचं," चांगुणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. घराकडं जाता जाता तिनं पोराचा खांदा दाबला.

पुढचे दोन दिवस मी उंडीच्या (किनाऱ्यावर वाढणाऱ्या झाडाच्या) लाकडाची साल काढली. पांडूनं तीन ओंडके तोडून आणले होते आणि माझ्या हातात कोयता दिला होता. साल काढायची, गाठी सपाट करायच्या, मग मोरीचं तेल चोपडून उन्हात ठेवायचं, जिरलं की पुन्हा चोपडायचं. हाताला फोड आले. पांडू आणि रामा शेजारी बसून होडीच्या सांध्यांत कापूस ठासत होते. माझं लाकूड हातानं चाचपून रामा म्हणाला, "भाऊ, तुमी कारकूनच बरे." चांगुणाबाई दोन वेळा भाकरी देत होती, पण बोलत नव्हती. निघताना मात्र म्हणाली, "नीट जा."

घरी पोचलो तर हिनं मला दारातच थांबवलं. तेलाचा वास दोन आंघोळींनी गेला नव्हता. बापूनं काही सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणाला होता की थोडं काम निघालं. रात्री जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "मग, पेटली का चूल?" तेव्हा मी पहिल्या काडीपासून शेवटच्या ओंडक्यापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये ती एकदाही हसली नाही. हसायची संधी मी चारदा तरी दिली होती.

सगळं ऐकून झाल्यावर तिनं माझे हात दिव्याखाली धरून फोड पाहिले आणि विचारलं, "आणि म्हसळ्याला उतरला नसतात, तर मला काय सांगितलं असतंत?"

मी विचार केला. खरं सांगणं भाग होतं.

"पोहे छान झाले होते, असं."